दारासमोर साडेतीन वर्षं उभी असलेली बेवारस ओम्नी कोण उचलणार?

पोळीभाजी_केंद्र

नमस्कार मंडळी. ठाणे जिल्ह्यात राहते, शहराचं नाव लिहीत नाही. पुढे एका कार्यालयाबद्दल चार शब्द येणार आहेत आणि माझा डबा त्याच कार्यालयात रोज सहा जणांना जातो.

तळमजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत माझं पोळी-भाजी केंद्र. दारासमोर रस्ता, आणि रस्त्यावर माझ्या दारापासून मोजून चार पावलांवर एक पांढरी मारुती ओम्नी. २०२१ च्या दिवाळीत कोणीतरी लावून गेलं. मला वाटलं, पाहुणे आले असतील कोणाकडे. पाहुणे अजून गेलेले नाहीत.

चारही टायर बसलेत. पुढची काच तडकलीय. बॅटरी पहिल्या पावसाळ्याआधीच गेली, मग स्टेपनी गेली, मग डाव्या बाजूचा आरसा. टपाच्या पन्हाळीत माती साचून तिथे पिंपळ आलाय, चांगला हातभर. खाली कुत्री दोनदा व्यायली. मागची डिकी लागत नाही, म्हणून गल्लीतले लोक त्यात फुटक्या कुंड्या, जुनी उशी, एकाने तर कमोडचं झाकण आणून टाकलंय. गिऱ्हाईक दारात उभं राहतं ते नाकाला रुमाल लावून.

गेल्या सप्टेंबरात शेजारच्या मुलाला डेंगी झाला. औषध फवारणारे आले, त्यांनी ओम्नीत पडलेल्या जुन्या टायरमधलं पाणी वाटीत काढून मला दाखवलं. अळ्या नुसत्या वळवळत होत्या. ते म्हणाले, आठ-दहा दिवसांत यांचे डास होतात, पाणी साचू देऊ नका. मी म्हटलं, गाडी माझी नाही हो. ते म्हणाले, दार तुमचं आहे ना.

प्रभाग कार्यालयात तीनदा गेले. एकदा म्हणाले वाहतूक पोलिसांकडे जा. वाहतूकवाले म्हणाले, चालती गाडी असती तर उचलली असती, ही महापालिकेची. पुन्हा कार्यालयात गेले तर साहेब निवडणुकीच्या कामाला. हे सगळं तोंडीच.

कोणी अशी गाडी उचलून घेतलीय का? नेमकं काय करायचं?

उगाच_एक

रात्री चार पोरं बोलवा, ढकला पुढच्या गल्लीत. प्रश्न मिटला.

पोळीभाजी_केंद्र

चाकं रुतलीत डांबरात. आणि पुढच्या गल्लीत माझी नणंद राहते.

आवक_जावक

ताई, मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर काढली, म्हणून सांगतो. तुम्ही तीनदा गेलात असं तुम्ही म्हणता; कार्यालयाच्या दृष्टीने तुम्ही एकदाही गेलेल्या नाही. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. अर्ज दोन प्रतींत लिहा, एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. अर्ज प्रभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत वाहतूक शाखेला. त्यात एवढं लिहा: गाडीचा प्रकार, रंग, नंबर, कुठे उभी आहे, केव्हापासून. चार बाजूंचे चार फोटो जोडा, एकात नंबरप्लेट आणि एकात तुमच्या बिल्डिंगची पाटी दिसली पाहिजे. डेंगीच्या अळ्यांचं जरूर लिहा. 'अडचण होते' लिहिलं तर अर्ज खाली जातो, 'डेंगीचा रुग्ण निघाला' लिहिलं तर वर येतो.

कायदा मुद्दाम सांगतो, कारण खिडकीवर नुसता कलमाचा आकडा म्हटला तरी माणूस मान वर करतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेलं वाहन उचलायचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. दहा तास. तुमचं साडेतीन वर्षं चाललंय. म्हणजे पोलीस 'आमचं काम नाही' म्हणतात ते तितकंसं खरं नाही. आणि रस्ता महापालिकेचा, रस्त्यावर टाकलेली वस्तू हटवायचा अधिकार त्यांनाही आहेच. दोघांनाही अधिकार आहे म्हणूनच दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

एक मात्र पाहून घ्या. गाडी नक्की रस्त्यावर आहे ना? सोसायटीच्या कुंपणाच्या आत असेल तर महापालिका सहसा हात लावत नाही. मग सोसायटीने मालकाला नोटीस आणि पोलीस ठाण्याला पत्र, असा वेगळा मार्ग.

पोळीभाजी_केंद्र

रस्त्यावरच आहे. गटाराच्या झाकणावर मागचं एक चाक.

पत्रा_मार्केट

माझा धंदा जुन्या गाड्या तोडायचा. वडलांपासूनचा. आता आम्ही एका सरकारमान्य स्क्रॅप केंद्राला गाड्या पुरवतो, म्हणून दोन्ही बाजू माहिती आहेत.

ताई, पहिली गोष्ट, 'गाडी फुकट उचलून नेतो' म्हणणारा कोणी आला तर देऊ नका. गाडी तुमची नाही. कागदावर ज्याचं नाव आहे त्याने उद्या चोरीची तक्रार दिली तर पोलीस आधी विचारणार, कोणी दिली? आणि जो नेतो तो चासी नंबरचं काय करतो ते त्यालाच ठाऊक. भंगारात गेलेल्या गाडीचा चासी नंबर दुसऱ्या चोरीच्या गाडीवर चढवतात, हे आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहिती आहे.

रीतसर काम असं. मालक आरसी घेऊन मान्यताप्राप्त केंद्रात येतो. आम्ही 'वाहन' या सरकारी पोर्टलवर बघतो: बँकेचा बोजा आहे का, चोरीची नोंद आहे का, दंड बाकी आहे का, आरटीओने काळ्या यादीत टाकलीय का. सगळं साफ असेल तर गाडी घेतो, पैसे खात्यात, आणि मालकाला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला. नवीन गाडी घेतली की त्यावर रस्ता करात सूट मिळते, खाजगी गाडीला केंद्र सरकारच्या नियमात जास्तीत जास्त २५ टक्के. राज्य किती देतं ते त्या वेळी बघायचं. हे सगळं २०२१ पासूनचं. मग चासी नंबरचा तुकडा कापून बाजूला ठेवतो, गाडी तुटते, नोंदणी रद्द.

ओम्नी रिकामी साधारण पावणेआठशे किलो भरते. ती पूर्ण लोखंड नसते, सीट, काच, रबर वजा करा. पण इंजिन सीटखाली असतं, ते लवकर कोणी नेत नाही. गॅसकिट आहे का बघितलं का? मागे टाकी असेल तर त्याच्याजवळ शेकोटी, फटाके काही नको. हे मात्र आजच्या आज बघा.

आणि टायरच्या कडेला एका चौकटीत चार आकडे असतात, ते वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '३२१८' म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर एकाच तारखेचे असले तर समजा गाडी टाकायच्या आधी मालकाने तिच्यावर पैसे घातले होते. टाकून द्यायच्या इराद्याने कोणी चार नवे टायर घालत नाही. अशा गाडीचा मालक सापडतो. काहीतरी अडकलेलं असतं त्याचं.

इचलकरंजीकर

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. माझ्याच गाडीला नोटीस चिकटवलीय.

वडलांची बजाज चेतक आणि एक मारुती ८००. वडील २०१९ ला गेले. आम्ही तीन भावंडं, बहीण मस्कतला. वारसाच्या नावावर गाडी करायची तर फॉर्म ३१, मृत्यू दाखला, आणि बाकीच्या वारसांची संमती. खरं म्हणजे आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. आमच्याकडे तीन महिन्यांत कोणी वडलांचा शर्टही कपाटातून काढला नव्हता. मग भावाने म्हटलं ८०० मला, मी म्हटलं बरं, बहीण म्हणाली येते तेव्हा सही करते. ती आली त्या वर्षी भाऊ आणि मी बोलत नव्हतो. गाडी घरासमोर उभी. लोक म्हणतात बेवारस. वारस तिघं आहेत, हाच तर घोटाळा आहे.

नोटीस आल्यावर मला पहिला राग तक्रार करणाऱ्याचा आला, खोटं कशाला बोलू. मग खाली वाकून बघितलं तर उंदरांनी सीटचा काथ्या काढून बिळं केलेली. भावाला फोन केला. एवढंच झालं अजून.

ताई, मालकाला एकदा शोधा. अर्ज करा, पण त्यालाही शोधा.

पोळीभाजी_केंद्र

बरंच काही झालंय, सविस्तर लिहिते. आज रविवार, पोळ्या लवकर संपल्या.

आधी गॅसची टाकी. आहे. म्हणजे होती, मुलाने कंदील धरला... कंदील नव्हे, मोबाइलचा दिवा. काटा शून्यावर. तरीही आजूबाजूला सांगून ठेवलं.

अर्ज दिला. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सगळं घेतलं. खिडकीवरच्या बाईंना कलम १२७ म्हटलं तर खरंच मान वर केली हो त्यांनी.

टायरवरचे आकडे वाचले. चिखल कपड्याने पुसून, ब्रशने घासून. चारही टायरवर एकच: ०९२१. म्हणजे २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमधले. पत्रा मार्केटवाल्या दादांचं वाचून अंगावर काटाच आला.

ॲपवर नंबर टाकला तर नोंदणी २००९ ची, पंधरा वर्षं २०२४ ला संपलेली. मालकाचं नाव चांदण्यांनी झाकलेलं, पहिलं अक्षर, मग चांदण्या, मग शेवटचं अक्षर.

आता खरी गंमत. अर्जासाठी काढलेले फोटो मी मुलीला पाठवले. ती पुण्याला शिकते. तिने मागच्या काचेचा फोटो मोठा करून पाहिला आणि फोन केला, "आई, ही व्हॅनकाकांची गाडी आहे." मी म्हटलं, पांढऱ्या ओम्न्या काय कमी होत्या का? सगळ्या शाळेच्या व्हॅना ओम्नीच असायच्या तेव्हा. ती म्हणाली, सरकत्या दाराच्या आतल्या बाजूला, हँडलच्या खाली बघ. मी कर्कटकाने लिहिलं होतं.

गेले. दार सरकेना, गोडेतेल सोडलं रुळावर. आत मावेल तेवढी मान घातली. हँडलखाली, गंजाच्या कडेला, 'स' आणि '५ वी ब'.

साडेतीन वर्षं जिला शिव्या दिल्या त्या गाडीतून माझी मुलगी सहा वर्षं शाळेत गेली. चौदा पोरं बसायची त्यात, पांढऱ्या पाटीची गाडी, नियमात बसत नव्हतीच, पण आम्ही सगळ्या आयांनी डोळे मिटून पाठवली. ५ वी ब म्हणजे २०१५. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि काका दोन-तीन महिन्यांत गावाला गेले, पाटण तालुक्यात. एप्रिलचे पैसे मी दिले नव्हते. शाळाच नाही तर पैसे कसले, असं सगळ्यांनीच ठरवलं होतं. आता लिहिताना ते आठवतंय.

नंबर जुन्या वहीत होता. लागला.

काका म्हणाले, "ताई, गाडी मी कधीच विकली हो. २०२१ ला. तिथल्याच एका भाजीवाल्याला, बावन्न हजारात. बेचाळीस दिले, दहा राहिले. सगळ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या मी." टायर त्या भाजीवाल्याने घातले असणार. तो दिवाळीनंतर धंदा मोडून गेला म्हणे.

सह्या केल्या म्हणजे काकांची जबाबदारी संपली ना?

आवक_जावक

नाही संपली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे गाडी नावावर होणं नव्हे. विकणाऱ्याने स्वतः आरटीओला चौदा दिवसांत कळवायचं असतं. हे निम्म्या महाराष्ट्राला माहीत नाही आणि उरलेल्या निम्म्याला कंटाळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. त्या खटल्यात गाडी पुढे तीन-चार हातांतून गेली होती, तरी अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकावरच आली. तुमच्या काकांना म्हणावं, नशीब समजा गाडी उभीच होती.

काकांचं नाव असलं तरी पैसे घेऊन विकलेली गाडी परस्पर भंगारात घालू नये. भाजीवाल्याच्या शेवटच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि त्या पत्राची प्रत पोलीस ठाण्यात आवक करा. पुन्हा सांगतो, आवक करा.

जाता जाता. पोलीस उचलायला नाखूश असतात त्याचं कारण त्यांच्या आवारात आधीच डोंगर असतो. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात न्यायालयाने सांगितलं होतं, पंचनामा करा, फोटो काढा, गाडी मालकाला बंधपत्रावर देऊन टाका, कोणी आलंच नाही तर सहा महिन्यांत लिलाव. पोलीस ठाण्याच्या मागे जाऊन बघा, त्या निकालानंतर जन्मलेल्या वेली त्या गाड्यांवर चढल्यात.

पत्रा_मार्केट

दंड बघा त्या नंबरवर. भाजीवाले नो-पार्किंगमध्ये लावतातच.

पोळीभाजी_केंद्र

दोन निघाले, दोन्ही नो-पार्किंगचे. मिळून दोन हजार.

पोळीभाजी_केंद्र

शेवटचा भाग. पाच आठवडे गेले मध्ये.

रजिस्टर पत्र 'पत्त्यावर राहत नाही' असं परत आलं. पण ते परत यायच्या आधी पोस्टमनने चाळीत विचारपूस केली होती, त्यातून भाजीवाल्याच्या भावाला कळलं. तो स्वतः आला. म्हणाला, भाऊ कर्जापायी गेला गावाला, गाडीत पेट्रोल घालायचीही ताकद नव्हती, म्हणून सोडली. ओरडायचं ठरवलं होतं मी त्याला. माणूस दारात उभा, हातात चप्पल. चहा दिला. त्याने कागदावर लिहून दिलं, गाडीवर आमचा हक्क नाही, मूळ मालकाने विल्हेवाट लावावी. भावाला फोनवर घेऊन त्याच्याकडूनही वदवलं, आणि दोन दिवसांनी त्याची सही केलेला कागद आला.

व्हॅनकाका एसटीने आले. आरसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. गाडीभोवती एक फेरी मारली, बोलले काही नाही. मग सरकतं दार एका झटक्यात उघडलं. माझ्या मुलाला आणि मला गोडेतेल घालून जे जमलं नव्हतं ते. खालून उचलून मागे, असं काहीतरी करायचं असतं म्हणे. मी त्यांना 'स' दाखवला. ते म्हणाले, "ही होय! हिच्यासाठी मी एका दुसऱ्याच पोराला ओरडलो होतो."

स्क्रॅप केंद्राची क्रेन आली. टपावरचा पिंपळ कोण काढणार यावरून दहा मिनिटं गेली. क्रेनवाला तयार नाही, काका तयार नाहीत, मी तर नाहीच. शेवटी पलीकडच्या गॅरेजमधला मुलगा आला, त्याने मातीसकट हलक्या हाताने उचलून डब्यात ठेवला. डबा आता माझ्या पायरीवर आहे आणि त्याचं काय करायचं हे मला माहीत नाही.

सोळा हजार आठशे आले काकांच्या खात्यात. दोन हजार दंडाचे आधीच भरले होते, ते वळते केले. राहिलेले दहा हजार वळते केले. उरलेले चार हजार आठशे त्यांनी भाजीवाल्याच्या भावाला पाठवले, टायरचे म्हणून. मी काकांना जाताना एप्रिल २०२० चे पैसे द्यायला गेले. घेतले नाहीत. पोळ्या घेतल्या, एसटीत खायला.

गाडी हलली तेव्हा खालचं डांबर काळंभोर, तेल सांडलेलं, त्यात चार चाकांचे चार खड्डे. एक रबरी चेंडू, दोन चमचे (माझेच), आणि कुत्रीने पुरून ठेवलेला एक बूट.

आवक_जावक

अभिनंदन. पण आवक क्रमांकाचं पुढे काय झालं?

पोळीभाजी_केंद्र

परवा आला हो कार्यालयाचा माणूस. गाडी जाऊन बारा दिवस झाल्यावर. हातात नोटीस, खळीचा डबा, ब्रश, सगळं व्यवस्थित. 'सात दिवसांत वाहन हटवावे.' मी म्हटलं, गेली गाडी. त्याने रस्त्याकडे बघितलं, नोटिशीकडे बघितलं, म्हणाला, "मग ही कुठे लावू? फोटो पाठवायला लागतो."

मी त्याला कोपऱ्यावरची निळी ॲक्टिव्हा दाखवली, दीड वर्ष उभी आहे. त्याने जाऊन नंबर ताडून पाहिला. म्हणाला, "ही माझ्या कागदात नाही. हिचा वेगळा अर्ज द्या."

दोन प्रतींत लिहायला घेतलाय.